अकरा खात्यांचा निरोप

छावणी, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, १२ जून २०२५

ती. उमाताईस,

श्रीधरचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कंबरेत उसण भरते, तरी वाकून.) तुझे गुडघे कसे आहेत? नाशिकच्या हवेनं फरक पडला असेल तर कळव, नसेल पडला तर निशा मेथीचे लाडू करून पाठवते म्हणाली आहे. मेघाला आणि तिच्या मुलांना आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. निशा खुशाल आहे. माझं काय ते पुढे वाचशीलच, फक्त वाचताना बसून वाच आणि रागवायचं असेल तर शेवटच्या पानानंतर रागव.

परवा मंगळवारी मी तुला सहा वेळा फोन केला. सहाव्या वेळी मेघानं उचलला आणि म्हणाली, "मामा, आई म्हणते, काय टाईप केलं आणि त्यावर काय उत्तर आलं ते क्रमानं लिहून पाठवा. तोंडी ऐकणार नाही." फेब्रुवारीत आपलं शिक्षण मंडळ सोडून जातानाही तू हेच बजावलं होतंस. घाबरलेला माणूस तोंडानं फार खोटं बोलतो, लिहिताना जरा कमी बोलतो, असं तुझं म्हणणं. तेव्हा मला ते लागलं होतं. आता पटलंय, कारण गेल्या बारा दिवसांत मी तोंडानं जेवढं खोटं बोललो तेवढं चोपन्न वर्षांत बोललो नव्हतो. मेल करावा तर आपल्या मंडळाच्या मेलला हात लावायचीच मला भीती वाटते, आणि दुसरीकडून पाठवावा तर तिथलंही काही बंद पडेल असं वाटतं. म्हणून हे कागदावर. आपल्या रसायनशास्त्राच्या सुदर्शनची सासुरवाडी नाशिकला आहे, तो शनिवारी सकाळच्या बसनं निघणार आहे. त्याच्या हाती पाठवतो. (पाकीट डिंकानं चिकटवून वर टेप लावली आहे. सुदर्शन तसा चांगला आहे, पण रसायनशास्त्राचा आहे, वाफ देऊन उघडायचा.)

आता क्रमानं. तू आठव, सव्वीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीला क्रमांक चिकटवले. पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर सापडतं, उशिरा का होईना. त्या माणसाला तू एका दुपारी खेळाच्या सामानाच्या खोलीमागच्या त्या थंडगार खोलीत बसवलंस आणि सांगितलंस की पाच शाळा आणि दोन कॉलेजांची मिळून साडेसहाशे मेलखाती या एका सर्व्हरवर आहेत आणि उद्यापासून ती तुझी. मला तिथंच घाम फुटला, एसी चालू असताना. तू म्हणालीस, घाबरू नकोस, पूर्वी एक खातं बंद करायचं म्हणजे दोन तास जायचे, जुनी मेल बांधून ठेवा, नाव काढा, गटांतून काढा, नोंद करा, पत्र पाठवा, आणि मधली एक पायरी विसरली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी सगळ्या पायऱ्या लिहून स्क्रिप्ट करून ठेवल्या आहेत, तू फक्त एकेक शब्द टाईप करायचा आणि एंटर दाबायचं. चार शब्द. 'नवीन' म्हणजे खातं उघडणं, 'निरोप' म्हणजे निवृत्त माणसाचं बंद करणं, 'परत' म्हणजे चुकून बंद केलेलं पुन्हा आणणं, आणि 'झाडू' म्हणजे बांधून ठेवलेलं जुनं पंधराव्या दिवशी कायमचं काढून टाकणं. झाडू आपोआप चालतो, त्याला हातही लावायचा नाही. हे सगळं तू तपकिरी कव्हरच्या वहीत तुझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलंस. वहीला मी खाकी कागदाचं आणखी एक कव्हर घातलं आणि पहिल्या पानावर श्री काढलं.

त्या काळ्या पडद्याची मला पहिल्या दिवसापासून दहशत आहे हे कबूल करतो. दुसरे प्रोग्रॅम कसे, चित्रं दाखवतात, चार वेळा विचारतात, चूक झाली तर टुणकन आवाज तरी करतात. हा नुसता एक पांढरी रेघ लुकलुकवत बसतो, तू बोल, मी करतो. आणि काम झालं की बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही. तू सांगितलं होतंस की काही बोलला नाही म्हणजे सगळं नीट झालं. ताई, आपल्या घराण्यात कोणी काही बोलत नसेल तर ते सगळं नीट झाल्याचं लक्षण कधी होतं का, तूच सांग. निशा एकदा दीड दिवस बोलली नव्हती तेव्हा मी तिच्या भावाच्या साखरपुड्याला जायचं विसरलो होतो.

तरी मार्च गेला, एप्रिल गेला. मी हात धुऊन बसायचो, वही उघडायचो, एका बोटानं टाईप करायचो, मोठ्यानं वाचायचो आणि मगच एंटर. बारा नवीन खाती उघडली, दोन बंद केली, एक परत आणलं. एकेक काम चाळीस सेकंदांत. मला आतून फार बरं वाटायला लागलं. आस्थापना विभागातली दीपमाला मला सर्व्हरसाहेब म्हणायला लागली आणि मी तिला म्हणू दिलं. (इथं तू ओठ मुडपले असशील.) खरं सांगायचं तर माझी भीती कमी झाली, आणि हीच पहिली चूक. तुझ्या वहीत ती कुठल्या पायरीत येते ते बघ.

आता एकतीस मे. त्या दिवशी आपल्याकडे निवृत्तांचा निरोप समारंभ असतो. यंदा नऊ जण होते. सकाळी अकराला सभागृहात अध्यक्ष पुंजाराम आप्पांच्या हस्ते नऊ शाली, नऊ नारळ, नऊ भाषणं झाली. दुपारी दीपमालानं निवृत्तांची यादी माझ्याकडे पाठवली. नाव, पद, मंडळाचं मेलखातं, घरचा मेल, सगळं तुझ्या ठरलेल्या तक्त्यात, एकही खाडाखोड नाही. तीच यादी 'निरोप'ला द्यायची, हे वहीत आहे. पण ताई, वहीत एक गोष्ट नाही. आपल्या मंडळात कुठल्याही यादीत पहिलं नाव अध्यक्षांचं आणि दुसरं सचिवांचं असतं, मग ती यादी निवृत्तांची असो, सहलीला जाणाऱ्या मुलांची असो, नाही तर मोडक्या बाकांची असो. त्यांच्या नावाशिवाय यादी गेली तर दीपमालाला ती उघडीबोडकी वाटते. तिनं नुसती नावंही लिहिली नाहीत, मान ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा म्हणून दोघांची मेलखाती आणि घरचे मेल पत्तेही रकान्यांत भरले. मी नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उमा मॅडमला बी दरसाल अशीच देत होते की. त्या काय म्हणल्या नाय कधी." म्हणजे तू दरवर्षी वरच्या दोन ओळी गुपचूप काढत होतीस. तुला ते इतकं उघड होतं की वहीत लिहावंसं वाटलं नाही.

तर मी हात धुतले. बसलो. 'निरोप' टाईप केलं, यादीचं नाव दिलं. पडद्यावर नावं आली आणि खाली प्रश्न आला, खात्री आहे का, हो किंवा नाही. मी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं. नऊ नावं, सगळी सकाळी शाल घेतलेली. पण एप्रिलमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून मी पडद्यावरची अक्षरं चांगली बोराएवढी करून ठेवली आहेत. त्यामुळं खालच्या नऊच ओळी मावल्या आणि वरच्या दोन पडद्याबाहेर वर निघून गेल्या होत्या. मी 'हो' लिहिलं. एंटर दाबलं. उत्तर आलं ते जसंच्या तसं देतो, तू मागितलं आहेस म्हणून: "पूर्ण. अकरा खाती बंद. अकरा निरोप रवाना."

मी चहा प्यायला उठलो. अर्ध्या कपात मला ते अकरा आठवले.

कप तसाच ठेवून खोलीकडे धावलो. वर सरकवून बघितलं तर पहिली ओळ पुंजाराम आप्पा, अध्यक्ष. दुसरी ओळ राजेंद्र साहेब, सचिव. दोघांची खाती बंद, आणि दोघांच्या घरच्या मेलवर तू लिहून ठेवलेलं पत्र रवाना. ते पत्र तुझ्याशिवाय कोणी नीट वाचलं नसेल, मी त्या दिवशी सतरा वेळा वाचलं. "आपण इतकी वर्षं या मंडळाला दिलीत. रोजच्या कामाच्या घाईत त्याबद्दल कोणी काही बोललं नसेल, ते आज बोलतो. आपण होतात म्हणून अनेक गोष्टी सुरळीत चालल्या आणि त्या चालल्या होत्या हे आता लक्षात येईल. आजपासून आपलं खातं बंद होत आहे. कपाटाची किल्ली व ओळखपत्र जमा करावं. पुढचे दिवस निवांत जावोत." शेवटी नाव कोणाचं नाही, नुसतं 'मंडळ'. म्हणजे आप्पांना खुद्द मंडळानं घरी पाठवलं, किल्ली मागून. जे आप्पा शिपायाला पाणी आण म्हणाले तरी दोन प्राध्यापक उठतात, त्यांना.

मी ताबडतोब 'परत'चं पान काढलं. त्यावर तू लाल शाईनं लिहिलं आहेस: "फार विचारपूर्वक. चुकीच्या वेळी चालवलं तर जुन्या मेलवर नवी बसते आणि दोन्ही जातात. शंका असेल तर आधी मला विचार." ताई, मला शंका नाही अशी एक गोष्ट सांग. एप्रिलमध्ये परत आणलेलं खातं एका ड्रॉइंग मास्तरांचं होतं, त्यात चार मेल होती. आप्पांच्या खात्यात चौदा वर्षांचा पत्रव्यवहार आहे. मी वही मिटली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी जायला निघालो. क्रांती चौकात छावणीकडे वळायचं सोडून त्या चौकालाच स्कूटरनं चार वेळा फेरी मारली, तेव्हा ट्रॅफिकच्या पोलिसानं बाजूला घेऊन विचारलं, काका, कुठं जायचंय. मला खरंच सांगता आलं नाही. त्यानं पाणी दिलं.

निशाला सांगितलं. ती म्हणाली, उठा आणि जाऊन सांगा, चूक झाली म्हणून. किती सोपं वाक्य आहे ते, बसून ऐकायला. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि ताप आल्याचं कळवलं. (ताप नव्हता, पण थर्मामीटर लावून बसायचो, खोटं अगदीच खोटं वाटू नये म्हणून.) बुधवारी कामावर गेलो तो बोलावणं येणार या तयारीनंच, खिशात राजीनामा. बोलावणं आलं नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी नाही. सुट्ट्या आहेत, कार्यालय अर्धं रिकामं, आप्पा पाचोडला शेतावर. दार वाजलं की मी खिशातला राजीनामा चाचपायचो आणि दार उघडलं की मांजर असायची. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

सोमवारी इंद्रजीत आला. हा आप्पांचा पुतण्या, त्यांची मेल कागदावर छापून त्यांच्यापुढं ठेवतो तो. म्हणाला, आठ दिवस झाले, काकांच्या खात्यात शिरताच येत नाही. मी म्हणालो, दुरुस्ती चालू आहे. त्यानं विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, मोठी आहे. तो गेला आणि दोन तासांनी सचिव राजेंद्र साहेबांचा स्वतः मला फोन. आवाज इतका गोड की मी फोन कानापासून लांब धरला. माझ्या डोळ्याची चौकशी केली, निशाची केली, मग हळूच विचारलं की आप्पांच्या मनात हल्ली काय चाललंय, त्यांच्याबद्दल काही माझ्या कानावर आलं का. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला आणखी भीती वाटली. राजेंद्र साहेबांना वाटतंय की त्यांना आप्पांनी काढलं. मग आप्पांना काय वाटत असेल?

ते काल कळलं. काल दुपारी आप्पा माझ्या खोलीत आले. गेल्या बावीस वर्षांत ते या खोलीत आलेले नाहीत, तूही सांगशील. एकटेच आले, काठी टेकत, कॅरमच्या बोर्डाला वळसा घालून. मी उभा राहिलो तर म्हणाले बस, आणि बसायला दुसरी खुर्ची नाही म्हणून ते जुन्या प्रिंटरच्या खोक्यावर बसले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"लिवलंय तशी जमा करतो," आप्पा म्हणाले. "आता खरं सांग श्रीधर. कोणी करायला लावलं? राजेंद्रनं?"

मी आप्पा, मी, असं दोनदा म्हणालो. त्यांना वाटलं मी कबुली देतोय. त्यांनी हात हलवला.

"तू नाय रे. तुझ्यात तेवढी हिंमत नाय, मला म्हाईत हाय."

आणि ताई, मी गप्प बसलो. अपमान इतका सोयीचा होता की मी तो घेतला. मग त्यांनी मला ऐकवलं ते मला विसरता येत नाही. म्हणाले, बावीस वर्षं लोकायला शाली घातल्या, त्या दिवशी अकरा वाजता नऊ जणायला घातल्या आणि तीन वाजता माझा निरोप मोबाईलवर आला, नारळ बी नाय. पहिल्या रात्री राग आला, मग भीती वाटायला लागली, की गावात कळलं तर काय तोंड दाखवू. इंद्रजीतलाही सांगितलं नाही. फक्त घरी आशाबाई काकूंना पत्र वाचून दाखवलं. आणि काकू म्हणाल्या, शहाण्या माणसानं लिहिलंय, आता तरी सकाळचा चहा घरी बसून प्या. त्यांनी आता ठरवलंय की कोणी ढकलून काढलं असं व्हायला नको, म्हणून सोमवारी सोळा तारखेला, शाळा उघडतात त्या दिवशीच्या बैठकीत, आपण होऊन राजीनामा द्यायचा. जाताना किल्ली टेबलावरच ठेवून गेले. ती माझ्यासमोर आहे. मी तिच्यावर वर्तमानपत्र टाकलंय, तरी ती तिथं आहे हे मला दिसतं.

म्हणजे माझी परिस्थिती अशी. रविवारी पंधरा तारखेला तुझा झाडू आपोआप चालेल आणि आप्पांची चौदा वर्षं आणि राजेंद्र साहेबांची नऊ वर्षं झाडून नेईल. सोमवारी शहात्तर वर्षांचा एक माणूस अध्यक्षपद सोडेल, का, तर माझ्या पडद्यावर अक्षरं मोठी होती म्हणून. आणि हे दोन्ही थांबवू शकणारा माणूस एकच आहे, आणि तो घाबरट आहे. तेव्हा कृपा करून 'परत' कसं चालवायचं ते पायरीपायरीनं, शेंबड्या पोराला सांगावं तसं, सुदर्शनच्याच हाती लिहून पाठव. तो रविवारी दुपारी परत येतो. झाडू किती वाजता चालतो तेही लिही. वहीत वेळ नाही.

तुझ्या तब्येतीला जप. जिने चढू नकोस. माझी काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण थोडी कर.

तुझा धाकटा भाऊ,
श्रीधर

ता.क. एक राहिलं. जमलं तर वेगळ्या कागदावर दोन ओळी दे, की निरोपाची स्क्रिप्ट उमा यांनी लिहिलेली असून तीत दोष राहून गेला होता, श्रीधर यांची काही चूक नाही. खाली सही आणि तारीख फेब्रुवारीची. तुझं आता मंडळात काही अडत नाही, माझी अजून चार वर्षं आहेत. रागावू नकोस, नुसतं विचारलं.

ता.क. (शुक्रवार, संध्याकाळ.) वरचा ता.क. निशानं वाचला. ती काही बोलली नाही. मी सकाळची पहिली बस धरून पाचोडला गेलो.

आप्पा अंगणात लिंबाखाली खाटेवर बसले होते. मी बसलो नाही, बसलो असतो तर सांगितलं नसतं. उभ्यानंच सगळं ओकलो. दीपमालाची यादी, बोराएवढी अक्षरं, अकरा खाती, थर्मामीटर, सगळं. किल्ली त्यांच्या खाटेवर ठेवली. आप्पांनी किल्ली उचलून उलटीसुलटी केली.

"म्हंजी मला कोणी काढलंच नाय?"

मी म्हणालो, नाही आप्पा. त्यांनी विचारलं, राजेंद्रनं बी नाय? मी म्हणालो, तेच पत्र राजेंद्र साहेबांनाही गेलंय आणि तेरा दिवस तेही घाबरून बसलेत. तेव्हा आप्पा हसायला लागले. इतके हसले की आशाबाई काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या. हसू थांबल्यावर डोळे पुसून त्यांनी मला विचारलं की इतके दिवस तोंड का उघडलं नाहीस. मी म्हणालो, भीती वाटली.

"मला बी," आप्पा म्हणाले.

मला वाटलं आता ते किल्ली खिशात टाकतील. टाकलीही. पण काकू दारातच उभ्या होत्या आणि त्या एकच वाक्य बोलल्या, "बंद हाय तर ऱ्हाऊ द्या की आता बंद." मग आप्पांनी खिशातून किल्ली काढून पुन्हा माझ्या हातावर ठेवली. खातं बंदच ठेव म्हणाले, फक्त जुनी पत्रं झाडून जायच्या आत इंद्रजीतला कागदावर छापून दे. सोमवारी राजीनामा देणार ते देणार, आता कोणाला भिऊन नाही. राजेंद्र साहेबांचं खातं चालू कर म्हणाले, पण उद्या. आजचा दिवस त्याला तसाच राहू दे.

ता.क. (शनिवार, सकाळी नऊ. सुदर्शन दारात उभा आहे.) पायऱ्या पाठवू नकोस. 'परत' मी चालवलं. तुझं लाल शाईचं पान समोर ठेवलं, आधी दोघांच्याही जुन्या मेलची वेगळी नक्कल करून ठेवली (हे वहीत नव्हतं, मला सुचलं), अक्षरं बारीक केली, भिंग धरलं. एंटर दोन हातांनी दाबलं. राजेंद्र साहेबांची नऊ वर्षं जशीच्या तशी आली. पडदा काही बोलला नाही.

आता जे सांगायला आधीची पानं खरं तर लागत नव्हती ते सांगतो. काल निघताना आप्पांनी विचारलं होतं, ते पत्र लिहिलं कोणी. मी म्हणालो, मशीननं. ते म्हणाले, मशीन असं लिवत नाय. मग मी तुझं नाव सांगितलं. ताई, त्यांना तू आठवली नाहीस. चोवीस वर्षं. सर्व्हरवाल्या बाई म्हणालो तरी आठवली नाहीस. मग त्यांनी विचारलं की तिला शाल कोणी घातली. आणि मी, ज्याच्यात हिंमत नाही, त्यांच्या तोंडावर म्हणालो की कोणीच नाही. ती फेब्रुवारीत गेली, यादी मेमध्ये होते. माझी चूक शोधताना सर्व्हरच्या जुन्या नोंदी मी चाळल्या, त्यात अठ्ठावीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाच चाळीस, तू स्वतःच्या खात्यावर स्वतःच 'निरोप' चालवलेलं आहे. मी त्या संध्याकाळी तिथंच होतो. खेळाच्या खोलीतून खुर्ची आणायला गेलो होतो, परत आलो तर तू पर्स घेऊन उभी होतीस आणि मी विचारलंही नाही. ते पत्र तू स्वतःला पाठवलंस हे आप्पांना सांगताना मला रडू आलं. आप्पा काठी टेकत रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आले. बस दिसायला लागली तेव्हा म्हणाले, सोमवारी मला जी शाल घालतील ती मी घेतो, पण आधी तिला एक शाल माझ्या हातानं घालू दे. आणि तेच पत्र तिनं उभं राहून मोठ्यानं वाचावं, मग मी जातो.

तेव्हा सोमवारी ये. बैठक अकराला आहे. पहाटेची बस धरलीस तर मी बसस्थानकावर स्कूटर घेऊन थांबतो, जिना चढावा लागणार नाही, सभागृह खालच्या मजल्यावर आहे. येणार नसशील तर मात्र कळवू नकोस. तेवढी हिंमत अजून आलेली नाही.